सेवा करताना राग येतो, तर ती सेवा देवाला पोचते का?

चर्चच्या मंडळीतल्या बायका हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. भायखळ्याच्या एका ताईंनी तो रडतच विचारला. (त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. रविवारी संडे स्कूल आणि उपासनेनंतरचा चहा. शिवाय महिला मंडळाचा हिशेब. आणि आठवड्यातून एकदा परळला, टाटा हॉस्पिटलच्या बाहेर, गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी पोळीभाजीचे डबे.

“परवा रात्री सासूबाईंनी पुन्हा हाक मारली आणि माझ्या मनात आलं, प्रभू, यांना एकदाचं ने. वधस्तंभ उचलायला सांगितलंय आणि मी असले विचार करते!”

मी बायबलमधलं वचन काढलं नाही. आधी रक्त तपासून घ्या म्हटलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. सलग झोप न मिळालेल्या माणसाच्या मनात असे विचार येतात, त्यावरून त्याची प्रीती आटली असं ठरत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मग सगळी कामं वहीत लिहायला लावली आणि प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट नोंदवायला सांगितली: हे माझ्याकडे कसं आलं? चहा करणाऱ्या बाई मीरा रोडला राहायला गेल्या, दुसरं कुणी पुढे झालं नाही, म्हणून चहा. अक्षर चांगलं, म्हणून हिशेब. मोठी सून, म्हणून सासूबाई. विरारच्या आणि कल्याणच्या दिरांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. स्वतः ठरवून घेतलेलं काम एकच निघालं, परळचे डबे.

योहान 10:18 मध्ये प्रभू येशू आपल्या प्राणाविषयी सांगतो की, तो माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊनच तो देतो. ताईंना हे वचन पाठ होतं. स्वतःच्या वहीशेजारी ठेवून त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. लूक 9:23 मध्येही वधस्तंभ ज्याने त्याने स्वतः उचलायचा आहे. ताईंच्या खांद्यावरची निम्मी ओझी इतरांनी गुपचूप ठेवली होती. अशी बाई गेली की अंत्यविधीला आपण “मंडळीसाठी झिजली” म्हणून गौरव करतो. ती झिजत असताना तिच्या हातातली किटली कुणी घेतली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात हेळसांड झाली, तेव्हा प्रेषितांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. त्या कामासाठी सात जण निवडले गेले (प्रेषितांची कृत्ये 6).

घरच्यांचा सल्ला होता, आधी ते परळचं बंद कर. मी ठाम विरोध केला. परळहून परतताना ताईंचा चेहरा मोकळा असायचा, हे त्यांच्या मुलीनेच मला सांगितलं होतं. ते एकच दान त्या संतोषाने देत होत्या, आणि नेमकं तेच काढून घ्यायचं?

पाळकसाहेबांशी बोलून चहा आणि हिशेब दुसऱ्यांकडे गेले. संडे स्कूल त्यांनी वर्षभरासाठी सोडलं, आणि ते सोडताना खूप रडल्या. दिरांना घरी बोलावून बैठक झाली, आवाज चढले. शेवटी रात्रीसाठी रुग्णसेवेच्या ब्युरोची बाई ठेवायची, पैसे तिघा भावांनी द्यायचे आणि शनिवारी कल्याणचे दीर येऊन आईजवळ बसतील असं ठरलं.

राग पूर्ण गेला नाही. सासूबाई ब्युरोच्या बाईला हात लावू देत नाहीत, तेव्हा ताईंना अजून उठावंच लागतं. तुमच्या घरी असं असेल आणि राग हात उगारण्यापर्यंत पोचला असेल, तर पुढच्या प्रार्थनासभेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना, घरातल्या कुणाला तरी सांगा.

मध्ये एका शनिवारी दीर आलेच नाहीत. पूर्वी ताई गप्प राहिल्या असत्या. या वेळी त्यांनी फोन लावला, “भाऊजी, आज नाही जमलं तर उद्या या, मी उपासनेला जाणार आहे.”