माझे आजोबा गावातले ज्येष्ठ कलावंत, त्यांचा आयुष्यभराच्या सेवेबद्दल सत्कार करायचा आहे. कार्यक्रम कसा आखावा, पाहुणे कोण बोलवावेत, मानपत्रात काय लिहावं?

पाहुण्यांचं नंतर बघा. तुमच्या आजोबांना जे येतं, ते त्यांना आधी करू द्या. गाणारे असतील तर गाऊ द्या, वाजवणारे असतील तर वाजवू द्या. एवढंच लिहून थांबणार होतो, पण विषय आमच्या घरातला निघाला.

माझे थोरले चुलते, तात्या, औसा तालुक्यातल्या आमच्या गावात भजनी मंडळाचे पखवाजवाले. चाळीसेक वर्षांत गावातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी मारुतीच्या देवळात ठेका शिकवला, फी म्हणून चहासुद्धा घेतला नाही. दुसरं काम तिरडी बांधायचं. मयत कुणाच्याही आळीतली असो, निरोप तात्यांना आधी. सुतळीची गाठ अशी मारायचे की सरणावर एका ओढीत सुटायची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते पडले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती नि वर माळवदाचं ओझं, सगळं अंगावर आलं. तात्या सकाळीच ट्रॅक्टरवर बसून गेले ते अकरा दिवसांनी परत आले. बांबू पहिल्याच दिवशी संपले, मग पडक्या घरांची दारं घेतली, एवढंच ते सांगतात. त्यापुढं विचारलं की पखवाज जवळ ओढतात.

तर या माणसाचा एक्याऐंशीव्या वर्षी गावानं सत्कार केला. पुढाकार माझ्या चुलतभावाचा, म्हणजे तात्यांच्याच मुलाचा. वेळ पाचची, महिना मे. तात्यांना दहा मिनिटं वाजवायला मिळणार होतं, म्हणून त्यांनी साडेचारलाच धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणीक लावली. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, कणीक ओली असते तोवरच पखवाज बोलतो. प्रमुख पाहुणे आले पावणेआठला. तोवर तात्या खुर्चीत, मांडीवर पखवाज, अधूनमधून बोटानं पाणी लावतायत. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांना घेऊन आलेल्यांचा सत्कार. तात्यांच्या अंगावर सात शाली, मे महिन्यात. फ्लेक्सवर तात्यांचा फोटो पाहुण्यांच्या फोटोच्या निम्मा. दहाला निवेदक म्हणाला, "वेळेअभावी पखवाजवादन आपण पुन्हा कधीतरी ऐकू." तात्या उठले, तर भेगाळलेल्या कणकेचा पापुद्रा धोतरावर पडला. त्यांनी तो उचलून हळूच खिशात टाकला. पायाखाली यायला नको, अन्न आहे.

मी त्याच रात्री भावाशी भांडलो. तो म्हणाला, "तू पुण्यातून दोन तासांसाठी आलास. वर्गणी मी मागितली, मंडप मी घातला." खरंच होतं. पण वर्गणी कशासाठी मागितली होती? मंडपावर आणि जेवणावर गेले त्यात पखवाजाच्या दोन्ही पुड्या, म्हणजे तोंडावरची कातडी, नव्या झाल्या असत्या आणि वर्षभराची औषधंही आली असती. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला पैसे उभे केले. समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यातून दरमहा मानधन. शाल नाही, हार नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे. माझ्या लेखी सत्कार तो.

आणि उन्हाळ्यात उघड्यावर कार्यक्रम घेऊच नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हानं १४ माणसं गेली. म्हाताऱ्या माणसाला तीन तास स्टेजवर बसवणार असाल तर लघवीला जायची सोय कुठं आहे तेही बघून ठेवा. आमच्या स्टेजला पायऱ्या एका बाजूलाच होत्या आणि तिथं बँडवाले बसले होते.

आता मानपत्राचं. मी त्याला भिंतीवरची रद्दी म्हणायचो. इथं मात्र भाऊ जिंकला. पुढच्या वर्षी शासनाच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज केला. वयाची पन्नाशी ओलांडलेली लागते, मुख्य म्हणजे इतकी वर्षं कला केल्याचे पुरावे लागतात. तात्यांकडं ना प्रमाणपत्र, ना कात्रण. शेवटी तेच मानपत्र फ्रेममधून काढून झेरॉक्स केलं. "कलेचे निस्सीम उपासक" वगैरे दीड पानात कामाची ओळ एकच होती: "सन १९७४ पासून भजनी मंडळात पखवाजवादन". त्यामुळं तुमच्या मानपत्रात विशेषणं कमी करा आणि साल, गाव, काय केलं, किती जणांना शिकवलं ते लिहा. खाली मंडळाचा शिक्का, अध्यक्षाची सही आणि तारीख. वर्तमानपत्रात बातमी आली तर तारखेसकट कात्रण ठेवा. २०२४ पासून हे मानधन महिना ५,००० रुपये झालंय, तेव्हा अर्ज कराच.

तुमच्या गावात पाहुणे वेळेवर येत असतील तर वरचं अर्धं सोडून द्या. पण पाच वाजले की तुमच्या आजोबांनी सुरू करायचं, पाहुणे आलेले असोत नसोत, हे पत्रिकेतच छापा. भाऊ म्हणतो, असं केलं तर पाहुणे रुसतात. रुसू देत.

मानधनाचे पहिले पैसे आले तेव्हा तात्या एकटेच एसटीनं लातूरला गेले आणि पखवाजाला नवी पुडी चढवून आणली. त्या संध्याकाळी देवळात मोजून नऊ माणसं होती, त्यांना दीड तास ऐकवलं. भाऊ मागं खांबाला टेकून बसला होता. साती शाली काकूच्या पेटीत आहेत, डांबरगोळ्या घालून.