चौथीतल्या बाई

*ताई, नमस्कार. मी 28 वर्षांचा, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर. डी.एड. केलं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) निघाली, अभियोग्यता चाचणी दोनदा दिली आणि शेवटी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, लागलो. शाळा गगनबावड्याकडं, साळवणच्या पुढं आत डोंगरात, एका वाडीवर. पहिली ते चौथी मिळून 19 पोरं, शिक्षक आम्ही दोघं. मोठे सर मिटिंगा आणि पोषण आहाराच्या हिशोबात अडकलेले. मी रोज गाडीवरून जाऊन-येऊन करतो, जायला दीड तास, यायला दीड तास. मानधन 16 हजार, त्यातले पाच हजार पेट्रोललाच जातात. ऑनलाइन माहित्या भरून डोकं उठतं. आई घरी एकटी, तिला मी रात्री घरात हवा असतो. मावशी पलीकडच्याच गल्लीत आहे, पण तरीही. लग्न ठरलंय, मुलीकडचे सारखे विचारतात, कायम कधी होणार. पुण्यातला एक क्लासवाला 25 हजारांवर बोलावतोय. मला शाळेत पोचायला रोज अर्धा-पाऊण तास उशीर होतो, पण चौथीतली एक मुलगी तोवर पहिली-दुसरीकडून बाराखडी म्हणून घेते, पोरं तिला 'बाई'च म्हणतात, त्यामुळं तसं नुकसान काही होत नाही. ताई, ही नोकरी धरून ठेवू की सोडून पुण्याला जाऊ?*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासारखीच मीही त्या ओळीवरून पुढं गेले. मानधन, पेट्रोल, आई, लग्न, सगळं वाचलं. दुसऱ्यांदा मात्र 'पोरं तिला बाईच म्हणतात' इथं आले आणि पत्र खाली ठेवलं.

तुझ्या शाळेत तीन शिक्षक आहेत रे. तिसरी नऊ-दहा वर्षांची आहे. तिला मानधन नाही, तिची हजेरी पोरांच्या पटावर लागते आणि ती रोज तुझ्याआधी कामावर हजर असते. तिचं नावही तू लिहिलं नाहीस.

'नुकसान होत नाही' असं तू लिहितोस. आपण हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवून दिलंय. तुझा उशीर सरासरी 40 मिनिटांचा धर. 200 दिवसांचे झाले 133 तास. म्हणजे 800 तासांतला सहावा हिस्सा रोज सकाळी साळवणच्या रस्त्यावर सांडतोय. त्यात पावसाळा मी धरलाच नाही. पंचगंगा वाढली की तो रस्ता कसा होतो हे फुलेवाडीतल्या माणसाला मी काय सांगू! राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आली की तू घरात बसून 43 च्या धोका पातळीची वाट बघत असशील, आणि वाडीवरची पोरं डोक्यावर इरलं घेऊन शाळेच्या दारात उभी असतील.

बाराखडीचंही सांगते. मी 31 वर्षं पहिली-दुसरी शिकवली आहे. म्हणून घेतलेली बाराखडी म्हणजे वाचन नव्हे. उद्या एक कर. पहिलीतल्या कुठल्याही पोराला फळ्यावर नुसता 'कु' काढून दाखव. ते पोर 'क, का, कि, की' असं पहिल्यापासून म्हणत येईल आणि 'कु' वर येऊन थांबेल. बोट फळ्यावर, डोळे मात्र तुझ्या चेहऱ्यावर. त्याला अक्षर दिसत नसतं, त्याला चाल पाठ असते. ही गाठ सोडवायला त्याच्याजवळ बसावं लागतं, त्याच्या तोंडातल्या शब्दापासून सुरुवात करावी लागते, कुत्र्याच्या 'कु' पासून, कुदळीच्या 'कु' पासून. ते काम त्या मुलीचं नाही आणि तिला जमणारही नाही. टीईटीच्या 150 प्रश्नांतले 30 बालमानसशास्त्राचे असतात, ते तू सोडवून आलायस. हे तुला ठाऊक आहे.

आता तिचं बोलू. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती मुलगी मी होते.

आमचं गाव राधानगरीच्या अंगाला. गुरुजी कोल्हापुरातून एसटीनं यायचे. गाडी चुकली की दहाचे अकरा, अकराचे साडेअकरा. चौथीत मी होते, आवाज मोठा होता आणि पाढे पाठ होते, म्हणून खडू माझ्या हातात आला. खूप भारी वाटायचं. गुरुजी आले की म्हणायचे, "हिनं शाळा सांभाळली बघा." घरीही कौतुक. आजी शेजारणींना सांगायची, आमची नात मास्तरीण आहे. वर्षभर मी तीसपर्यंतचे पाढे म्हणून घेतले, परिपाठ घेतला, भांडणं सोडवली, पहिलीतल्या एकाची चड्डीसुद्धा धुतली.

पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात गेले. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी फळ्यावर बोलावलं आणि गणित घातलं: 864 भागिले 12. मी 864 लिहिले, बाजूला 12 लिहिले, मधली रेघ ओढली आणि तिथंच थांबले. बाराचा पाढा मला झोपेतसुद्धा येत होता. पण भाग आधी कशाला द्यायचा, आठला की शहाऐंशीला, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. चौथीत भागाकार चालला होता तेव्हा मी दुसऱ्या खोलीत दुसरीकडून बेरजा करून घेत होते. हातातला खडू घामानं ओला झाला होता, ते अजून आठवतं. आमच्याच गावचं एक पोरगं मागून म्हणालं, "सर, ही आमच्या शाळेत बाई होती." सगळा वर्ग हसला.

भागाकार मी धड शिकले ते डी.एड.च्या पहिल्या वर्षी, एका मैत्रिणीच्या वहीतून. आमचे गुरुजी वाईट नव्हते. प्रेमळ होते, कधी हात उगारला नाही. त्यांनाही वाटायचं, नुकसान होत नाही.

मोठ्या पोरानं लहान पोराला मदत करणं वाईट, असं मी म्हणत नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग चालवायचे तर ते करावंच लागतं. तिसरीला गणितं घालून द्यायची, चौथीतल्याला दुसरीजवळ बसवायचं आणि आपण पहिली हातात घ्यायची, बहुवर्ग अध्यापन म्हणतात ते हेच. पण तेव्हा शिक्षक खोलीत असतो. कोण शिकवतंय आणि कोण शिकायचं राहतंय, यावर त्याची नजर असते. तू तर त्या वेळी कळे ओलांडत असतोस.

आता माझं म्हणणं. पुण्याला जाऊ नकोस. आणि येत्या रविवारी अंथरूण, स्टो, दोन पातेली आणि पुस्तकं गाडीला बांधून वाडीवर राहायला जा.

दाखल्यापुरतं मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहण्याबद्दल मी बोलत नाही. सरपंचांकडून कागद घ्यायचा आणि संध्याकाळी गाडीला किक मारायची, तसलं नको. खरंच राहायचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाला विचार, एखादी पडवी, एखादी माडी नक्की मिळेल. मास्तर राहतो म्हटल्यावर वाडी भाडं सांगायला लाजेल, पण तू ते दे. पाच हजारांतले चार तरी वाचतील. दिवसाचे तीन तास तू रस्त्याला देतोस, सहा दिवसांचे झाले 18. कायद्यानं शिक्षकाचा आठवडा तयारीसकट 45 तासांचा धरलाय. त्या 18 मधले 15 तास वाचतील, त्यांत टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची तयारी, होईल, चार वर्गांचं नियोजन होईल, आणि तुझं डोकं उठवणाऱ्या माहित्याही होतील. वाडीवर रेंज नसेल तर कागदावर भरून ठेव आणि शनिवारी घरी येताना साळवणला बसून एकदम चढव.

तिथं राहिलास की आणखी एक गोष्ट होईल, ती कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. संध्याकाळी तू पायरीवर बसशील आणि पोरं आपोआप गोळा होतील. रोपलावणीत कोण गैरहजर असतं, कोणाच्या अंगावर धाकटं भावंड आहे, कोण घरी दिव्याखाली वही उघडतं आणि कोणाच्या घरी वहीच नाही, हे तुला कळेल. ती चौथीतली शाळेत सगळ्यांच्या आधी कशी येते, हेही कळेल. कदाचित किल्ली तिच्याच घरात असेल. कदाचित तिला घरातून लवकर निघायचं असेल. तू विचारलंयस का कधी?

16 हजारांत भागत नाही, हे तुझं खरं आहे. जानेवारी 2023 च्या आधी तर प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला सहा हजार मिळत होते. माझ्या ओळखीच्या पोरांनी त्यात तीन-तीन वर्षं काढली, रविवारी दुसऱ्याच्या दुकानात बसून. मला त्याचा राग आहे आणि तो सरकारवर आहे. वाडीनं तुझं काही घेतलेलं नाही.

आईची काळजी मला फारशी वाटत नाही. मावशी पलीकडच्या गल्लीत आहे आणि शनिवारी दुपारी तू येणार आहेस. तीन वर्षं आईनं आठवड्यातल्या पाच-सहा रात्री एकटं झोपावं, एवढं तिला सांगायला जीभ अडखळत असेल तर ती तुझी अडचण आहे. मुलीकडच्यांना तारीख सांग: रुजू झाल्यापासून तीन वर्षं. विषय संपला. एक मात्र कर, त्या मुलीला एकदा वाडीवर घेऊन ये. तुझी शाळा तिला बघू दे.

पुण्याला का जाऊ नको म्हणते तेही सांगते. तुला शिकवायला आवडत नाही असं तू कुठंच लिहिलेलं नाहीस. रस्ता आवडत नाही, कागद आवडत नाहीत, पैसे पुरत नाहीत, एवढंच लिहिलंयस. म्हणजे शिकवणं तू अजून करून बघितलेलंच नाहीस. धापा टाकत पोचायचं आणि घड्याळाकडं बघत निघायचं, यावरून कोणाला काय कळणार? एक वर्ष पोरांच्या आधी वर्गात उभा राहा. त्यानंतरही नको वाटलं तर मला परत लिही, मी अडवणार नाही.

1917 साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी तो घाम फोडणारा रुपया होता. तुझ्या वाडीवर आज कोणाला दंडाची भीती घालावी लागत नाही. आईबाप पोरांना वेळेवर धाडतात. 19 च्या 19 पोरं येऊन बसतात.

सोमवारी तू आधी पोच. कुलूप तू काढ, झाडू तू मार. ती आली की सवयीनं खडूच्या डबीकडं जाईल. तिला एकदम हटकू नकोस, तिनं ते काम मन लावून केलंय. परिपाठ झाला की सगळ्या पोरांसमोर तिचे आभार मान, पूर्ण नाव घेऊन, वडिलांच्या नावासकट. मग खडू तुझ्याकडं घे आणि तिला तिच्या जागेवर बसव.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली की तिची गणिताची वही माग. भागाकाराचं पान उघड.