अनुदान कशाला बांधले आहे, ते आधी वाच

चिरंजीव मुलीस, अनेक आशीर्वाद.

शेतीच्या अनुदानांवरच्या तुझ्या प्रबंधाचा मसुदा आणि सोबतचे पत्र, दोन्ही वाचले. मसुद्यापेक्षा पत्र चांगले आहे. पत्रात तू लिहिलेस की, अनुदान बंद करा म्हणावे तर बाबांच्या तोंडाकडे बघवत नाही आणि चालू ठेवा म्हणावे तर वावराकडे बघवत नाही. मसुद्यात मात्र हा पेच कुठेच दिसत नाही. तिथे तू 'टप्प्याटप्प्याने कपात' असे लिहून मोकळी झाली आहेस. किती कपात करायची हे अर्थखाते बघेल. तू कायदा शिकतेस, तेव्हा तुझा प्रश्न वेगळा असला पाहिजे: हे अनुदान कशाला बांधले आहे? पिशवीला, पंपाच्या हॉर्सपॉवरला, सातबाऱ्याला, की जमिनीच्या तब्येतीला?

खतांच्या अनुदानाचा स्वतंत्र कायदा तुला सापडला नाही, म्हणून तू गोंधळलीस. तो नाहीच. आहे तो जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ चा, आणि त्याखालचा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा. त्यात प्रत, परवाना, विक्री यांचे नियम आहेत. पैसा येतो तो अर्थसंकल्पातून आणि मंत्रिमंडळाच्या निर्णयातून. १९७७ साली कारखान्यांना उत्पादनखर्च भरून देण्याची पद्धत सुरू झाली, १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच. मसुद्यात या तारखा तू एकाखाली एक मांडल्या आहेस, पण त्यांचा अर्थ लावलेला नाहीस. अर्थ असा, की एकाच पिकाला लागणाऱ्या नत्र, स्फुरद, पालाश या तीन अन्नद्रव्यांपैकी एकालाच, म्हणजे युरियातल्या नत्राला, सरकारने कायमचे स्वस्त करून ठेवले.

आता बाबांच्या पावतीचा जो फोटो तू पाठवलास, तो पुन्हा बघ. युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैसे, डीएपी या नत्र-स्फुरदयुक्त खताची ५० किलोची पिशवी १३५० रुपये. खाली सूक्ष्म अन्नद्रव्याची एक बाटली आहे, जी बाबांनी मागितलेली नव्हती. कृषी केंद्रवाल्याने लिंकिंग केले, त्याशिवाय युरिया देत नव्हता. मशीनवर अंगठा बाबांचा उमटतो आणि अनुदानाची रक्कम कंपनीच्या खात्यात जाते. याला थेट लाभ हस्तांतरण म्हणतात. या पावतीत तुझ्या अख्ख्या प्रबंधाचा मजकूर आहे आणि तू ती परिशिष्टात टाकलीस!

ज्या माणसाजवळ खरिपाला मोजके पैसे आहेत, तो या दोन भावांपुढे उभा राहून काय उचलेल? बाबा अडाणी नाहीत. त्यांना भाव वाचता येतो आणि भाव त्यांना युरिया उचल असेच सांगतो. म्हणून तुझे 'शेतकऱ्यांमध्ये जागृती' हे प्रकरण वाचून मला राग आला. जागृती कसली करणार? मी नोकरीभर माती परीक्षणाच्या चिठ्ठ्या वाटल्या आहेत. चिठ्ठीवर पालाश टाका असे लिहिलेले असते आणि दुकानात पालाशाची पिशवी हाताला लागत नाही. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेचेही वावरात तेच होते, कारण पत्रिका सल्ला देते आणि अनुदान तिच्या उलट बांधलेले आहे.

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, नत्र जास्त झाले की ती माजते. झाड काळपट हिरवे, पाने मऊ आणि लुसलुशीत, फांद्या एकमेकींत शिरलेल्या. बापाला वाटते पीक जोरात आहे. मग तुडतुडे आणि पांढरी माशी त्याच मऊ पानांवर येतात, पानांच्या कडा पिवळ्या पडून लालसर होतात, आणि फवारणीचा पंप पाठीवर चढतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, ते तुझ्या लहानपणीचे आहे, तुला आठवत असेल. तेव्हा पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती. युरियाने जीव घेतला असे मी म्हणणार नाही. औषधांची मिश्रणे होती, संरक्षक साधने नव्हती, रुग्णालये दूर होती. पण दाट पिकात शिरून खांद्याच्या वर फवारा मारावा लागणे, ही त्या साखळीतली एक कडी आहे आणि तिचे दुसरे टोक त्या स्वस्त पिशवीत आहे. सोयाबीनचे तर आणखी विचित्र. त्याच्या मुळांवरच्या गाठी स्वतः नत्र धरतात; वरून युरिया फेकला की गाठी कमी धरतात. तरी फेकतात, स्वस्त आहे म्हणून. उरलेले नत्र पावसाबरोबर नायट्रेट होऊन विहिरीत उतरते (पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे) किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. हे वाक्य मसुद्यात एकदाच पुरे, तू तीन वेळा घेतले आहेस.

विजेचा भाग तू अर्ध्या पानात उरकलास, तो वाढव. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्याने सवलत द्यायची तर तिची रक्कम आगाऊ भरायची. त्या कलमात पाण्याचा शब्दही नाही. २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. कशाला बांधलेली? हॉर्सपॉवरला. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या एकरांवर ठरते, विहिरीत पाणी किती त्यावर नाही. दुसरीकडे २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि तो ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला शेतीसाठी मनाई करतो. अमरावती जिल्ह्यातल्या वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात फिरून ये आणि बोअर किती खोल गेले ते विचार. एक कायदा थांब म्हणतो, दुसरा उपसण्याचे बिल भरतो. माझा मोफत विजेला विरोध नाही, हे नीट लक्षात घे. रात्री बारा वाजता ओलित करायला गेलेल्या माणसाला साप चावतो, हे मी पाहिले आहे. माझा विरोध बांधणीला आहे.

बांधणी बदलता येत नाही, असे तुझे मार्गदर्शक म्हणतात ना? अमेरिकेने १९८५ च्या कायद्यात लिहिले की, धूप होणारी जमीन नांगरायची तर मृदसंधारणाचा आराखडा पाळा, नाहीतर सरकारी मदत नाही. १९९६ साली पीक विम्याच्या हप्त्यावरचे अनुदान त्या अटीतून सोडवले आणि २०१४ साली पुन्हा बांधले. आपल्याकडे २०२३ च्या पीएम-प्रणाम योजनेत खत वाचवले तर वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग राज्याला द्यायचे ठरले. विचार योग्य दिशेचा आहे, पण बक्षीस राज्याला आणि पिशवी उचलायची की नाही हे ठरवणार तुझे बाबा. बक्षीस त्यांच्यापर्यंत कसे पोहोचेल, याचे कलम तू लिही. शेणखत, शेंगवर्गीय आंतरपीक, धुऱ्यावरची (बांधावरची) झाडे, यांना एकरी किती आणि तपासणार कोण, ग्रामसभा की मंडळ कार्यालय. आणि मक्त्याने, म्हणजे भाड्याने जमीन घेऊन, वाहणाऱ्याला सातबाऱ्याशिवाय ते कसे मिळेल. हे अवघड आहे, त्याला दोन महिने लागतील. लागू देत.

आढावा बैठकांत मी हा एकच प्रश्न विचारायचो, म्हणून सहकारी मला आडमुठा म्हणत. लक्ष्य खतवाटपाचे असायचे आणि मी विचारायचो, लक्ष्य जमिनीचे का नाही? बढती उशिरा आली, बदली दूरची झाली. तुझ्या काकूंनी पुष्कळ ऐकवले, तेही अगदी चूक नव्हते. पण कागदावर सही करताना प्रश्न गिळायला मला जमले नाही, आणि आजही कुणी विचारले तर मी तोच प्रश्न पुन्हा विचारीन. खंत एवढीच आहे की, माझ्या टिपण्यांवर 'पाहिले, नस्तीबद्ध करावे' असा शेरा येत राहिला. तुझ्या मसुद्यावर तो यावा असे मला वाटत नाही, म्हणून इतके कडक लिहितो आहे.

ते जागृतीचे प्रकरण काढून टाक, पावती पहिल्या पानावर घे, आणि 'अनुदानांचे तर्कसंगतीकरण' हे शीर्षक बदल. पोळ्याला गावी जाशील तेव्हा नवे प्रकरण आधी बाबांना वाचून दाखव. ते जिथे अडवतील, ती जागा खूण करून मला पाठव.

तुझा,
काका