एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी आहे. एसजीपीटी (यकृताला इजा होते का ते दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आलं, म्हणजे बी शांत आहे का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. यकृताच्या पेशी मुख्यतः आपली प्रतिकारशक्तीच मारते, विषाणू नव्हे. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असेल तर हा हल्ला मंदावतो. एसजीपीटी नॉर्मल दिसतं आणि रक्तात विषाणू मात्र भरपूर असतो.

खरी सक्रियता कळते एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात बी चा विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीतून. रिपोर्ट आययू प्रति मिलिलिटरमध्ये असतो. २,००० च्या वरचा आकडा गांभीर्याने घ्या. एचबीईएजी (विषाणूच्या एका प्रथिनाची चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर विषाणूची वाढ सहसा जोरात असते. पण ती निगेटिव्ह असूनही डीएनए जास्त सापडतो, कारण काही उत्परिवर्तित विषाणू ते प्रथिन बनवतच नाहीत. एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची चाचणी) फक्त संसर्ग आहे एवढंच सांगते.

एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी वाढलं तर घाबरून गोळ्या बंद करू नका. प्रतिकारशक्ती परतल्यानेही ते वाढतं, औषधाच्या त्रासानेही. डीएनए, बिलिरुबिन (काविळीची चाचणी) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहून डॉक्टर ठरवतील. कावीळ दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

टीएलडी या एचआयव्हीवरच्या एकत्रित गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बी वरही चालतात. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची चाचणी) वाढल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने गोळी बदलत असेल, तर तिथेच विचारा: "नव्या औषधांत बी साठी काय आहे?" नुसत्या लॅमिव्हुडिनवर ठेवलं तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो, दोन्ही अचानक थांबवली तर यकृताला जीवघेणी सूज येऊ शकते.