‘तिथली मुलं तसलीच असतात’ हे कितपत खरं?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी झाली. अमेरिकेत मध्य-पश्चिमेकडच्या एका छोट्या गावातल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात तिला प्रवेश मिळालाय, फीमध्ये बरीच सवलतही मिळालीय. सगळी मिळून सोळाशे मुलं. ती हरखून गेलीय, आणि इकडे घरात रोज कुणीतरी येऊन घाबरवून जातंय. माझे दीर म्हणतात, तिथे सगळी बड्या बापांची पोरं, अनवाणी फिरणार, गांजा ओढणार, मोर्चे काढणार. जाऊबाई म्हणतात, आर्ट्सच करायचं होतं तर आपलं बेडेकर कॉलेज काय वाईट होतं? मुलीने स्वतः वाचलंय की तिथे खेळाडूंचा घोळका वेगळा, नाटकवाल्यांचा वेगळा, आणि भारतीय मुलं म्हणजे गप्प बसून अभ्यास करणारी. तुम्ही अशाच कॉलेजात शिकलात, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतं. यातलं खरं किती?
— एक आई, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : जाऊबाईंचं आधी घेते, कारण ते लवकर मिटेल. दहावीला मार्क कमी पडले की आर्ट्स, ही आपल्याकडची समजूत त्या ‘आर्ट्स’ शब्दाला जाऊन चिकटते. युरोपात मध्ययुगात या नावाखाली सात विषय शिकवत : व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. संगीतसुद्धा तेव्हा स्वरांच्या प्रमाणांचं गणित म्हणून शिकवलं जाई. आजही या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र सगळं असतं. फक्त त्याबरोबर बहुतेक ठिकाणी इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांतलंही काही घ्यावं लागतं. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, आयोवातल्या ग्रिनेल या अशाच छोट्या कॉलेजातून १९४९ साली पदवीधर झाले. एका पार्टीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं म्हणून त्यांना एका सत्रासाठी काढून टाकलं होतं, आणि त्यांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी रदबदली केली म्हणून ते परत येऊ शकले. जाऊबाईंना हा किस्सा जरूर सांगा. जिथे प्राध्यापक प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात, तिथे असं घडू शकतं.

आता दीरांचं म्हणणं. ‘बड्या बापांची पोरं’ हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तुमच्या मुलीने ते जाण्याआधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३८ कॉलेजं अशी निघाली, की तिथे सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं ही खालच्या ६० टक्के घरांतल्या एकूण मुलांपेक्षा जास्त होती. त्या ३८ मध्ये छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं बरीच होती. फी, राहणं, जेवण धरून नावाजलेल्या कॉलेजांचा वर्षाचा खर्च आज ऐंशी हजार डॉलरच्या पुढे जातो. उलट, ॲमहर्स्टसारखी काही कॉलेजं परदेशी मुलाला प्रवेश देतानाही घरची ऐपत बघत नाहीत आणि लागेल तेवढी मदत करतात. म्हणजे एकाच टेबलावर दोन टोकांची मुलं जेवायला बसतात.

मी १९९४ च्या ऑगस्टमध्ये गेले. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या, वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर, मला पूर्ण शिष्यवृत्ती. (कॉलेजचं नाव सांगत नाही, पुढे थोडी तक्रार आहे म्हणून.) पहिला महिनाभर मला वाटत होतं, की इथली मुलं गरीब आहेत. कोपरावर विरलेले स्वेटर, तळ सुटलेले बूट, आणि हो, अनवाणी फिरणारा एक मुलगाही होता, ऑक्टोबरपर्यंत. मी रोज इस्त्रीचा ड्रेस घालून वर्गात जायची. माझ्यासारखीच कडक इस्त्री करून येणारी आणखी एकच मुलगी होती, शिकागोच्या दक्षिण भागातली. तिची आई दोन ठिकाणी कामाला जायची. फाटकं घालून हिंडायला पाठीशी काहीतरी असावं लागतं, हे मला त्या मुलीकडे बघून कळलं.

आणि पुरतं कळलं ते डिसेंबरात. सुट्टी लागली आणि फाटक्या स्वेटरवाले स्कीइंगला गेले, कुणी आजीच्या फ्लोरिडातल्या घरी. मेस बंद. आमच्या वसतिगृहात उरलो चौघंच : मी, नेपाळचा एक मुलगा, घानाची एक मुलगी आणि ती शिकागोची. तिच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते. बाहेर उणे वीस. तळघरातल्या छोट्या स्वयंपाकघरात एकच पातेलं होतं, त्यात तीन आठवडे आळीपाळीने भात शिजला. आईने दिलेला गोडा मसाला नववर्षाच्या आधीच संपला. गावातून रात्री दीडला मालगाडी जायची. रुळांच्या आवाजात वाढलेली मी, तेवढ्या एका आवाजाने मला झोप लागायची.

म्हणून कॉलेजला पत्र लिहून आत्ताच विचारा : हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का, जेवणाचं काय, त्याचे पैसे मदतीत धरलेत का? सोळाशेपैकी किती मुलांना आर्थिक मदत मिळते, हेही विचारा. ते सांगतात.

गांजाबद्दल एवढंच लिहिते, की वास येतो. कुणी हातात कोंबत नाही. दारू-गांजा चालत नाही असे वसतिगृहाचे वेगळे मजले बऱ्याच कॉलेजांत असतात, खोली मागतानाच तसं कळवायचं.

मोर्चे मात्र खरे, आणि त्यांना जुनी परंपरा आहे. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजने १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आणि १८३७ मध्ये पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश दिला. गुलामी अजून कायदेशीर होती तेव्हाची ही गोष्ट. अशा मातीत मुलं फलक रंगवणारच, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. वाईट वाटलं ते माझ्या रूममेटचं. ती नेब्रास्काची, सश्रद्ध घरातली. दर रविवारी पहाटे उठून चर्चला जायची आणि मैत्रिणींना सांगायची, ‘धावायला गेले होते.’ सगळे एका विचाराचे आहेत असं एकदा ठरलं की वेगळ्या विचाराचा माणूस आपणहून लपतो, आणि मग सगळे एका विचाराचेच दिसायला लागतात. तुमच्या मुलीला सांगा, रविवारी पहाटे कोण उठतं ते बघ.

खेळाडूंचं टेबल वेगळं असतं हेही खरं. मेसच्या खिडकीकडची दोन लांब टेबलं फुटबॉलवाल्यांची, दाराजवळचं नाटकवाल्यांचं. कुणी नियम केलेला नव्हता, पण मोडायचंही कुणी नाही. मोठ्या विद्यापीठांसारख्या खेळाच्या शिष्यवृत्त्या यांना मिळत नाहीत. ही कॉलेजं आंतरकॉलेज स्पर्धांच्या बहुतेक ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथे त्याला परवानगीच नाही. हौसेने खेळणारीच मुलं ती.

ठाण्यात आम्ही काय वेगळं करत होतो? चेंदणीला खाडीकाठच्या बेडेकर कॉलेजच्या त्या आवारात सायन्स, आर्ट्स-कॉमर्स, पॉलिटेक्निक सगळं शेजारी शेजारी. दोन वर्षं मी सायन्सला होते आणि आर्ट्सच्या इमारतीतल्या एकाही मुलीशी बोलले नाही. ‘त्या टाइमपास करायला येतात’ हे मला कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि ते तपासून बघण्याची वेळच आली नाही. हजारोंच्या गर्दीत तशी वेळ येत नाही. सोळाशेंत येते. तोच मुलगा सकाळी वर्गात, दुपारी मेसमध्ये, रात्री कपडे धुवायच्या मशीनपाशी. त्याला किती दिवस नुसता ‘फुटबॉलवाला’ म्हणणार?

परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॉलेजातच काम करता येतं. मी भांडी धुवायच्या खोलीत होते. डोक्याला जाळी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, भिंतीतल्या खिडकीतून सरकत्या पट्ट्यावर येणारे ट्रे. उष्टं बादलीत, काटे-चमचे जाळीच्या पेटीत, ग्लास उपडे करून रॅकमध्ये. शेजारी एक फुटबॉलवाला होता, डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, मान खांद्यांत रुतलेली. तो ग्लास सुलटे ठेवायचा, मशीनमधून पाण्याने भरून बाहेर यायचे, आणि मी त्याच्यावर रोज ओरडायची. तिथे मी सतत बोलत असे. लालबागला मिलमध्ये असलेल्या माझ्या मामाबद्दल, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबद्दल, अडीच लाख कामगार आणि दत्ता सामंतांबद्दल. मामा आठवड्यासाठी म्हणून गावी गेला आणि पुन्हा साच्यावर उभा राहिलाच नाही. त्या मुलाच्या घरचं अर्धं शेत ऐंशीच्या दशकात बँकेने लिलावात काढलं होतं. आम्हाला एकमेकांचं समजायचं.

वर्गात मात्र मी तुमच्या मुलीने वाचलेली ती ‘भारतीय मुलगी’ होते. गप्प, नीटनेटकी, वेळेवर निबंध देणारी. एका प्राध्यापकांनी सत्राच्या शेवटी माझ्याबद्दल लिहिलं, ‘शांत आणि मेहनती’. वर्गात भारताचं नाव निघालं, जात किंवा धर्माचा विषय आला, की सर माझ्याकडे बघायचे. बाकी वेळी माझं मत असू शकतं हे त्यांच्या मनातही यायचं नाही. याचा मला राग आहे, अजूनही. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त खुपते. तो शिक्का मला सोयीचा वाटू लागला होता. इंग्रजी अडखळायची, हात वर करायची भीती वाटायची, आणि गप्प राहणं हाच माझा स्वभाव आहे असं सगळ्यांनी धरलेलं असल्यामुळे मला कुणी हलवत नव्हतं. दोन वर्षं मी त्यात बसून राहिले.

तिसऱ्या वर्षी कामगार चळवळींच्या इतिहासाचा सेमिनार होता, बारा जण गोल टेबलाभोवती. विषय १८९२ चा अमेरिकेतल्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप. चर्चा चालली होती, मी वहीत लिहून घेत होते. तो डुकरांच्या शेतावरचा मुलगा, जो स्वतःही फारसा बोलत नसे, एकदम म्हणाला, ‘हिला अडीच लाख माणसांचा संप माहीत आहे. काल रात्रीच सांगत होती.’ अकरा माना वळल्या. मी बोलले. काळ चुकले, एक शब्द मराठीतच निघाला, पण दहा मिनिटं बोलले. तास संपल्यावर नाटकवाल्या टेबलाची एक मुलगी माझ्याबरोबर पायऱ्या उतरत आली आणि तिने विचारलं, ‘मामा आता काय करतात?’ तीन वर्षांत वर्गातल्या कुणी माझ्या घरच्या माणसाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

म्हणून, ताई, दीर सांगतात त्यातल्या श्रीमंत, अनवाणी, मोर्चेवाल्या मुलांची मला काळजी वाटत नाही. सोळाशेंच्या गावात तुमच्या मुलीला ती महिन्या-दोन महिन्यांत एकेकटी भेटतील. तिला जपायचंय ते तिच्या स्वतःच्या शिक्क्यापासून, कारण तो चांगला दिसतो. ‘हुशार, शांत, कुणाला त्रास नाही’ हे ऐकून तुम्हाला इथे पाचपाखाडीत बरं वाटेल. फोनवर असं काही कानावर आलं, तर तिला विचारा, या आठवड्यात कुणाशी वाद घातलास? आणि जमलं तर भांडी धुवायचं काम घ्यायला सांगा. वाचनालयात बसून पुस्तकांवर शिक्के मारण्याचं काम सोपं असतं, पैसेही जवळपास तेवढेच. तरी भांडीच.

प्रश्न : मी ऐरोलीचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे. इथली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, सगळी मोठ्या शाळांतली. मी वर्गात तोंड उघडलं की सगळे जरा जास्तच समजूतदार चेहरा करतात. हे लोक असेच राहणार का?
— एक विद्यार्थी

उत्तर : तो समजूतदार चेहरा मी ओळखते. हसण्यापेक्षा त्याचा त्रास जास्त होतो.

काही राहतील तसेच. पण तुम्ही त्यांना फक्त वर्गातच बघताय का? वर्गात त्यांचं इंग्रजी आणि तुमची भीती, दोन्ही सगळ्यात मोठं दिसतं. मेसची समिती, बॅडमिंटन, नाटकाची रंगमंच व्यवस्था, जिथे हाताने काही करावं लागतं अशा एका ठिकाणी नाव द्या, आणि महिनाभर सोडू नका. वर्गातलं सांगायचं तर तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका, प्रश्न असला तरी चालेल. चाळीस मिनिटं मनातल्या मनात वाक्य जुळवत बसलं की ते तोंडातून निघेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी दोन वर्षं तेच केलं.

आणि शब्द अडला तर मराठी शब्द टाकून पुढे चला. अर्थ काय म्हणून कुणी विचारलं, तर सांगा. मी त्या दिवशी ‘गिरणगाव’ म्हणाले होते, आणि पुढची पाच मिनिटं त्या एका शब्दावरच गेली.