एंडोस्कोपी नॉर्मल, तरी घास अडकतोच

प्रश्न : दीड वर्षापासून जेवताना घास छातीत अडकतो, कधी कधी पाणीसुद्धा. एंडोस्कोपी नॉर्मल आली. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी काही फरक नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगतात. आता कोणाकडे जाऊ?

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे आणि तपास अर्धाच झाला आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेचं आतलं अस्तर दिसतं. तिचे स्नायू घास खाली कसे ढकलतात, जठराच्या तोंडाशी असलेली झडप वेळेवर सैल होते का, हे तिथे अनेकदा कळत नाही. पाणी अडकतं, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नळी कुठे अरुंद झाली असेल तर आधी घट्ट पदार्थ अडकतात, पातळ पदार्थ बरेच नंतर. दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असतील, तर संशय अन्ननलिकेच्या हालचालीवर जातो.

त्यासाठीची मुख्य तपासणी म्हणजे हाय-रिझोल्युशन मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालतात, पाण्याचे घोट गिळायला लावतात आणि नळीवरचे सेन्सर प्रत्येक घोटाचा दाब मोजतात. जोडीला टाइम्ड बेरियम : बेरियम (एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव) प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी एक्स-रे काढून किती बेरियम उरलं ते पाहतात. एंडोस्कोपीत बायोप्सी घेतली होती का, हेही विचारा. अस्तर वरून ठीक दिसत असतानाही ॲलर्जीशी संबंधित सूज असू शकते आणि तिनेही घास अडकतो.

गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडेच (पचनसंस्थेच्या तज्ज्ञाकडे) जायचं, पण ‘मोटिलिटी’चं, म्हणजे अन्ननलिकेच्या हालचालीचं काम नियमित करणाऱ्याकडे. अनेकांचा रोजचा भर यकृतावर किंवा एंडोस्कोपीवर असतो. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत मोटिलिटी लॅब असण्याची शक्यता जास्त. अपॉइंटमेंट घेण्याआधी फोन करून विचारा : मॅनोमेट्री तुमच्याकडेच होते का? आलेख कोण वाचतं? रिपोर्ट शिकागो वर्गीकरणाच्या (मॅनोमेट्रीवरून आजार ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या) ४.० आवृत्तीनुसार देता का? ही आवृत्ती २०२१ची आहे. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरीकडे फोन करा. यात संकोच करू नका.

प्रश्न : वडिलांना ॲकॅलेशिया (अन्ननलिकेची झडप सैल न होण्याचा आजार) आहे. एक डॉक्टर फुगा सुचवतात, दुसरे ऑपरेशन, तिसरे ‘पोएम’. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : आधी मॅनोमेट्रीच्या रिपोर्टमध्ये ॲकॅलेशियाचा प्रकार पाहा : १, २ की ३. त्याशिवाय ही चर्चा पुढे जाऊच शकत नाही. या आजारात झडप सैल करणाऱ्या मज्जापेशी नष्ट होतात. त्या परत आणणारा उपचार नाही. तिन्ही उपाय झडपेचा अडथळाच कमी करतात. फुग्याने झडप ताणतात. साधारण ३० मिलीमीटरच्या फुग्याने सुरुवात होते आणि पुन्हा करावं लागू शकतं. ऑपरेशन म्हणजे झडपेचे स्नायू कापण्याची हेलर यांची शस्त्रक्रिया, १९१३ पासूनची. आता ती दुर्बिणीतून होते आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा थोडा भाग तिथे शिवतात. पोएममध्ये तोंडातून एंडोस्कोप घालून आतूनच स्नायू कापतात. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८मध्ये माणसावर ती प्रथम केली.

प्रकार १ आणि २ मध्ये तिन्ही मार्ग खुले असतात. प्रकार ३मध्ये अन्ननलिकेला वरपर्यंत आकडी येते. पोएमने लांब छेद देता येतो, म्हणून तिथे माझा कल पोएमकडे. मात्र पोएमनंतर आम्ल वर येण्याचा त्रास जास्त, त्यामुळे पुढची तपासणी टाळायची नाही. प्रत्येक डॉक्टरला थेट विचारा : असे किती रुग्ण केलेत, छिद्र पडण्यासारखी गुंतागुंत किती जणांत झाली, वर्षभराने कोण पाहणार? एकच उपाय करता येणाऱ्याने तोच सुचवला, तर तिन्ही उपाय उपलब्ध असलेल्या केंद्रात एकदा जरूर दाखवा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. तीन महिन्यांत गिळणं अवघड झालंय, वजन खूप उतरलंय. मोटिलिटी तज्ज्ञांची वेळ दोन महिन्यांनी मिळाली आहे. थांबू का?

उत्तर : थांबू नका. उतारवय, अल्पावधीत वाढलेला त्रास आणि झपाट्याने घटणारं वजन यामागे झडपेजवळची गाठ असू शकते. ती कधी कधी हुबेहूब ॲकॅलेशियासारखी दिसते. जवळच्या गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे याच आठवड्यात दाखवा, एंडोस्कोपी करून घ्या आणि सीटी स्कॅन लागेल का ते विचारा. लाळही गिळता येईनाशी झाली, तर थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्न : मॅनोमेट्रीची भीती वाटते. भूल देतात का?

उत्तर : सहसा नाही. जागं राहून गिळावं लागतं. नाकात बधिर करणारं जेल लावतात. नळी घशातून उतरतानाचा क्षण त्रासाचा असतो, पुढे श्वास घेता येतो आणि बोलताही येतं. ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड गटातली वेदनाशामकं घेत असाल तर आधीच सांगा. त्यांनी अन्ननलिकेची हालचाल बिघडते आणि रिपोर्ट ॲकॅलेशियासारखा येऊ शकतो. ती स्वतःहून बंद मात्र करू नका.