वाचकांचे प्रश्न: रजिस्टरला थेट हात लावू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाकणला एका छोट्या कंपनीत आहे. झिंक-७००० वर (प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच ठिकाणी असलेली चिप) मोटरच्या एन्कोडरचे पल्स मोजणारा ब्लॉक एफपीजीएमध्ये, म्हणजे हवं तसं जोडता येणाऱ्या सर्किटमध्ये टाकलाय, व्हिवाडो या डिझाइन सॉफ्टवेअरने त्याला हेक्स ४३सी००००० हा पत्ता दिलाय. सी प्रोग्राममध्ये तोच पत्ता पॉइंटरला दिला तर सेगमेंटेशन फॉल्ट (न मिळालेल्या पत्त्याला हात लावल्याची एरर) येतो. सिनियर म्हणतात लिनक्सचा कर्नल ड्रायव्हर लिही, पण माझ्या ड्रायव्हरमध्ये जरा चूक झाली की अख्खा बोर्ड बसतो, परत बूट करायचं, दिवसात वीसेक वेळा. मग डेव्हमेम कमांड सापडली, तिने ब्लॉकचं रजिस्टर (हार्डवेअरशी बोलायची ठरलेल्या पत्त्यावरची जागा) आरामात वाचता येतं. मग प्रोग्राममधूनही तसंच करावं का, की ते चुकीचं आहे?

उत्तर : चुकीचं अजिबात नाही. हार्डवेअर रोज बदलतंय, आज रजिस्टर इथे आहे आणि उद्या आठ बाइट पुढे सरकणार आहे, अशा दिवसांत कर्नल ड्रायव्हर लिहीत बसणं मला तरी वेळेची नासाडी वाटते. साध्या प्रोग्रामच्या कोडमध्ये गडबड झाली तर बहुतेक वेळा तेवढा प्रोग्रामच मरतो, तुम्ही ओळ सुधारता, कंपाइल करता, दहा सेकंदांत परत चालू. फक्त दार किती उघडायचं ते ठरवायला हवं.

सेगमेंटेशन फॉल्ट का येतो ते आधी बघू. प्रोग्रामला दिसणारा प्रत्येक पत्ता व्हर्च्युअल असतो आणि ४३सी००००० हा फिजिकल पत्ता आहे, दोघांची गाठ पेज टेबल या कर्नलच्या पत्त्यांच्या तक्त्यात मारली जाते आणि तुमच्या प्रोसेससाठी ती कुणी मारलेलीच नाही. ती मारून घ्यायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे /डेव्ह/मेम ही फाइल उघडून एममॅप करायचं (म्हणजे ती प्रोग्रामच्या पत्त्यांना जोडून घ्यायची), डेव्हमेम कमांडसुद्धा पोटात हेच करते. एममॅपला द्यायचा पत्ता पेजच्या सीमेवर हवा, म्हणजे ४०९६ ने भाग जाणारा. तुमचा जातोच, पण नंतर कुणी रजिस्टर ४३सी०००१० वर आहे म्हणून तोच आकडा सरळ एममॅपला देतो आणि मग एरर का आला म्हणून डोकं धरून बसतो. पेज मॅप करा आणि १० हेक्स नंतर पॉइंटरमध्ये मिळवा. फाइल ओ-सिंक हा फ्लॅग देऊन उघडा, म्हणजे एआरएमवर ते मॅपिंग कॅशमधून जात नाही.

पॉइंटर व्होलाटाइल ठेवा, आणि ३२ बिटचाच. व्होलाटाइल नसेल तर कंपायलरला वाटतं की ही किंमत मी आत्ताच वाचली, परत कशाला वाचू, आणि तुमचा वाट बघणारा लूप कधी संपतच नाही, तेही फक्त ऑप्टिमायझेशन लावल्यावर, त्यामुळे डीबग बिल्डमध्ये सगळं छान चालतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. रजिस्टरच्या ब्लॉकवर मेमकॉपी वापरू नका, ती स्वतःच्या सोयीने बाइट किंवा मोठे तुकडे उचलते आणि अशा मेमरीवर एआरएमला वाकडातिकडा अलाइनमेंट चालत नाही, थेट बस एरर येतो. आणि काउंटर ६४ बिटचा असेल तर दोन रजिस्टरं वाचताना मधेच खालचा अर्धा भाग उलटू शकतो, म्हणून वरचा वाचा, खालचा वाचा, परत वरचा वाचा, बदलला असेल तर पुन्हा. सगळ्यात चांगलं म्हणजे एफपीजीए तुमच्याच हातात आहे, तर एक रजिस्टर वाचलं की दुसरं लॅच होईल (किंमत धरून ठेवेल) अशी सोयच करून टाका.

एक गोष्ट मात्र प्रोग्राम मरण्यापुरती थांबत नाही. बिटस्ट्रीम (एफपीजीएमध्ये ब्लॉक उभा करणारी फाइल) लोड झालेली नसताना किंवा ब्लॉकचं क्लॉक बंद असताना त्या पत्त्यावर वाचायला गेलात तर बसवर पलीकडून उत्तरच येत नाही, प्रोसेसर उत्तराची वाट बघत राहतो आणि बोर्ड गोठतो. तिथे सेगमेंटेशन फॉल्टसुद्धा नशिबात नसतो. त्यामुळे प्रोग्राम सुरू करण्याआधी बिटस्ट्रीम चढली आहे ना ते तपासायची सवय लावा.

आता /डेव्ह/मेमची खरी अडचण. त्यात यंत्राची सगळी फिजिकल मेमरी आहे, म्हणजे एक शून्य कमीजास्त झालं की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी रजिस्टरमध्ये लिहिता, आणि त्यासाठी प्रोग्राम रूट म्हणून चालवावा लागतो. एका खोलीचं काम असताना अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या कशाला? त्या एका खोलीची किल्ली म्हणजे यूआयओ, एकाच ब्लॉकची रजिस्टरं प्रोग्रामला देणारी कर्नलची सोय. २००७ साली कर्नल २.६.२३ मध्ये आलं, म्हणजे चांगलं मुरलेलं आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) तुमच्या ब्लॉकचा पत्ता, लांबी आणि इंटरप्ट (ब्लॉकने प्रोसेसरला मारलेली हाक) लिहायचा, कंपॅटिबल या ओळीत जेनेरिक-यूआयओ टाकायचं, आणि हेच नाव कर्नलच्या बूट पॅरामीटरमध्येही द्यायचं (हे बरेच जण विसरतात आणि मग /डेव्ह/यूआयओ० दिसतच नाही). दिसलं की ती फाइल एममॅप करा, ऑफसेट शून्य. हातात फक्त तुमच्या ब्लॉकचीच रजिस्टरं येतात. यूडेव्हचा (डिव्हाइसच्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा प्रोग्राम) एक नियम लिहून ती फाइल एखाद्या ग्रुपला दिली की रूटसुद्धा लागत नाही.

शिवाय इंटरप्ट मिळतो, जो /डेव्ह/मेममध्ये मिळत नाही. त्या फाइलवर चार बाइटचा रीड करा, इंटरप्ट येईपर्यंत प्रोग्राम झोपून राहतो, उठल्यावर आजवर किती आले तो आकडा मिळतो, आकडा एकापेक्षा जास्त पुढे गेला तर मधला हुकला हेही कळतं. हा जेनेरिक ड्रायव्हर इंटरप्ट आल्याबरोबर तो बंद करून ठेवतो, म्हणून आधी ब्लॉकमधला स्टेटस बिट पुसा, तेच रजिस्टर एकदा परत वाचा म्हणजे लिहिलेलं खरंच पोचलं याची खात्री होते, आणि मग फाइलमध्ये ३२ बिटचा १ लिहा. हे लिहायचं राहिलं की पहिला इंटरप्ट येतो आणि दुसरा कधीच येत नाही.

माझा एक अनुभव सांगते कारण तो अजून टोचतो. एका बोर्डवर इंटरप्ट अधूनमधून गायब व्हायचे, दोन दिवस आम्ही वायरिंग, क्लॉक, सगळं उलटंपालटं केलं. शेवटी कळलं की दुसऱ्या टर्मिनलवर मीच एक छोटा प्रोग्राम लावून ठेवला होता जो दर सेकंदाला सगळी रजिस्टरं छापत होता, आणि स्टेटस रजिस्टर वाचलं की आपोआप पुसलं जाणारं होतं. म्हणजे मी बघत होते आणि बघण्यानेच ते जात होतं! तेव्हापासून नवीन ब्लॉक हातात आला की कुठलं रजिस्टर वाचल्याने बदलतं हे मी कागदावर पहिलं लिहून काढते, फिफो (वाचलं की पुढे सरकणारी रांग) असेल तर तोही त्यात येतो.

सिनियरचं म्हणणं कधी बरोबर ठरेल, तेही सांगते. ब्लॉक डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) करायला लागला, किंवा तीच रजिस्टरं दोन प्रोग्राम्सना हवी झाली, किंवा इंटरप्टला काही मायक्रोसेकंदांत उत्तर द्यावं लागलं, की कर्नल ड्रायव्हर. डीएमएचं जास्त मनावर घ्या, झिंक-७००० मध्ये आयओएमएमयू (हार्डवेअरने कुठल्या मेमरीत जायचं ते रोखणारा भाग) नाही, म्हणजे तुमच्या प्रोग्रामने ब्लॉकला चुकीचा पत्ता दिला तर तो कर्नलच्या मेमरीवरसुद्धा बिनदिक्कत लिहील, तिथे यूआयओ काहीच वाचवू शकत नाही. तोवर रजिस्टरांची मांडणी पक्की झालेली असेल आणि ड्रायव्हर एकदाच लिहावा लागेल.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पायवर एलईडी लावायचा जुना सी कोड मिळाला, त्यात २०२००००० पत्ता आहे. माझ्या पाय ४ वर काहीच होत नाही. डेटाशीटमध्ये तर ७ई२००००० लिहिलंय, खरा कुठला?

उत्तर : दोन्ही खरे आहेत रे, फक्त तुझ्या बोर्डसाठी नाहीत. ७ई ने सुरू होणारा हा चिपच्या आतल्या बसचा पत्ता, एआरएम कोअरला तो तसा दिसत नाही. पहिल्या पायवर तीच जागा २०२००००० ला दिसते, पाय २ आणि ३ वर ३एफ२००००० ला, आणि तुझ्या पाय ४ वर एफई२००००० ला. पण हे पाठ करू नकोस, /डेव्ह/जीपीआयओमेम उघड आणि ऑफसेट शून्यावर मॅप कर, जीपीआयओची (साध्या इनपुट-आउटपुट पिनांची) रजिस्टरं मिळतात, पत्ताही नको आणि सुडोही नको, तुझा युझर जीपीआयओ ग्रुपमध्ये असला की झालं. पुढचं असं की एका फंक्शन सिलेक्ट रजिस्टरमध्ये दहा पिना, प्रत्येकीला तीन बिट, म्हणजे १७ नंबरची पिन दुसऱ्या रजिस्टरच्या २१ ते २३ बिटमध्ये. तिथे आधी वाचून फक्त तेवढे तीन बिट बदल, नाहीतर शेजारच्या पिना बिघडतील. चालू-बंद करायला मात्र सेट आणि क्लिअर अशी वेगळी रजिस्टरं दिली आहेत, तिथे वाचायची गरजच नाही, हव्या त्या बिटला १ लिही. पाय ५ घेतलास तर हा कोड चालणार नाही, तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत आणि ती पीसीआय एक्सप्रेसने जोडलेली आहे. शिकण्यासाठी हे सगळं जरूर कर, प्रोजेक्ट जमा करताना लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापर.

प्रश्न : आम्ही एक पीसीआय कार्ड बनवतोय. डेस्कटॉपवर रूट असूनही /डेव्ह/मेम ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणतं. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक डिस्ट्रोंचं कर्नल स्ट्रिक्ट डेव्हमेम हा पर्याय लावून बांधलेलं असतं, रॅमला हात लावू देत नाही, आणि आणखी कडक पर्याय लावला असेल तर ड्रायव्हरने धरलेल्या रजिस्टरांनाही नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर लॉकडाउनही (रूटलासुद्धा अडवणारी कर्नलची बंधनं) लागलेलं असू शकतं, ते कर्नल ५.४ पासून आहे. कर्नल परत बांधायच्या भानगडीत पडू नका. सिसफसमध्ये (/सिस खाली कर्नल दाखवतो त्या फाइली) तुमच्या कार्डच्या फोल्डरमध्ये रिसोर्स० नावाची फाइल असते, ती म्हणजे कार्डचा पहिला बार (कार्डच्या पत्त्यांचा पट्टा), तिलाच एममॅप करा. लॉकडाउनमध्ये तीही अडते, मग डेव्हलपमेंटच्या मशीनवर सिक्युअर बूट बंद ठेवा. कार्ड डीएमए करणार असेल तर आजच व्हीएफआयओकडे वळा, २०१२ पासून कर्नलमध्ये आहे आणि आयओएमएमयूच्या जोरावर कार्डला तुम्ही दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ देत नाही. बायोसमध्ये आयओएमएमयू चालू आहे का तेवढं आधी बघा.